खुर्च्यांचे वाटप, तारखांचे वाटप

२ एप्रिल २०११ रोजी वानखेडे स्टेडियमवर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. नूतनीकरणानंतर त्या स्टेडियमची क्षमता सुमारे ३३ हजार झाली होती. त्यातली सुमारे २० हजार तिकिटे मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या संलग्न क्लबांसाठी गेली, साडेआठ हजारांच्या आसपास आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या वाट्याला गेली आणि सर्वसामान्य माणसासाठी विक्रीला निघाली ती जेमतेम ४ हजार. हे आकडे त्या वेळी वर्तमानपत्रांत छापून आले, त्यावर हळहळ झाली आणि भारत जिंकल्यावर विषय मागे पडला. पण शहरात स्टेडियम कशासाठी बांधायचे आणि ते कोणाचे असते, या प्रश्नाकडे वळायचे तर सुरुवात याच आकड्यांपासून करावी लागते. दक्षिण मुंबईत क्रिकेटची दोन मोठी स्टेडियम आहेत आणि त्यांच्यात एक किलोमीटरचेही अंतर नाही. त्याच शहराच्या मध्यभागात, म्हणजे दादर, परळ, लालबाग, प्रभादेवी या पट्ट्यात, कबड्डी आणि खो-खोच्या पिढ्याच्या पिढ्या घडल्या. तिथे मात्र स्थानिक सामने छताखाली, बसायला नीट जागा असलेल्या सार्वजनिक ठिकाणी नियमित होतील अशी सोय अपुरी आहे. या भागाला दोन-तीन हजार प्रेक्षकांचे छोटे, सार्वजनिक मालकीचे स्टेडियम हवे का, हवे तर कोणत्या जागेवर आणि कोणत्या नियमांनी, याचा हा आढावा आहे. आजवर मुंबईत स्टेडियमचे वाद खुर्च्यांच्या वाटपावरून झाले. छोट्या स्टेडियमची योजना मात्र तारखांच्या वाटपातून सुरू झाली पाहिजे, हा या लेखाचा मुद्दा आहे.

मुंबईतल्या मैदानांचा इतिहास म्हणजे जागेवरच्या हक्काचा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एस्प्लनेडच्या मोकळ्या जमिनीवर पारशी आणि हिंदू पोरे क्रिकेट खेळत. त्याच जमिनीवर युरोपियन लोक पोलो खेळत आणि घोड्यांच्या टापांनी खेळपट्ट्या उखडून जात. १८८० च्या सुमारास त्याविरुद्ध अर्ज-विनंत्या झाल्या. शापूरजी सोराबजी यांनी १८९७ च्या आपल्या पुस्तकात त्या भांडणाची हकिकत नोंदवून ठेवली आहे. त्यानंतर गिरगावच्या समोर, केनेडी सी फेसवर, पारशी, हिंदू आणि इस्लाम जिमखान्यांना जागा मिळाल्या. मैदान मिळाले, पण ते जमातवार आणि सभासदत्वाच्या कुंपणातून मिळाले. पुढे बॅकबेच्या भराव जमिनीवर क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने ब्रेबर्न स्टेडियम बांधले. त्याची पायाभरणी मे १९३६ मध्ये झाली आणि उद्घाटन डिसेंबर १९३७ मध्ये. कायमस्वरूपी बांधणीचे हे देशातले पहिले मोठे क्रीडांगण. आणि पहिल्याच वर्षी तिथे काय झाले? नव्या स्टेडियममध्ये आपल्या वाट्याला आलेल्या जागा अपुऱ्या आहेत म्हणून हिंदू संघाने जमातवार संघांच्या पंचरंगी स्पर्धेतून माघार घेतली. स्टेडियमचे सिमेंट अजून नवे होते, तोवर खुर्च्यांचा तंटा जुना झाला होता.

हाच तंटा साडेतीन दशकांनी पुन्हा उभा राहिला. कसोटी सामन्यांचे यजमानपद मुंबई क्रिकेट असोसिएशनकडे, तेव्हाच्या बॉम्बे क्रिकेट असोसिएशनकडे, आणि मैदान मात्र क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे, अशी वाटणी असल्याने जागा किती कोणाला द्यायच्या यावरून दोन्ही संस्थांचे बिनसले. असोसिएशनचे अध्यक्ष बॅरिस्टर शेषराव वानखेडे हे त्या वेळी विधानसभेचे अध्यक्षही होते. सरकारी जमीन मिळाली, वास्तुविशारद शशी प्रभू यांनी आराखडा केला आणि सव्वा वर्षाच्या आत स्टेडियम उभे राहिले. जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धची कसोटी तिथे झाली. रेल्वेमार्ग आणि मरीन ड्राइव्ह यांच्यामधल्या त्या चिंचोळ्या जागेत इतक्या वेगाने इतके मोठे बांधकाम झाले, ही अभियांत्रिकीची मोठी कामगिरी होती. या शहराला मनावर घेतले तर स्टेडियम बांधता येते, हे तिने सिद्ध केले. मात्र बांधण्यामागची प्रेरणा काय होती, हेही विसरू नये. आधीचे मैदान खेळाला अपुरे पडत होते असे नाही, तिकिटांचा वाटा अपुरा पडत होता. म्हणून नव्या स्टेडियममध्येही वाट्याचीच व्यवस्था पक्की झाली आणि तिचे फळ २०११ मध्ये त्या ४ हजार तिकिटांच्या रूपाने दिसले. संलग्न क्लबांना तिकिटे देण्यामागे युक्तिवाद आहे. हेच क्लब पावसाळ्यातल्या कांगा लीगमध्ये संघ उतरवतात, वर्षभर मुले घडवतात. तो युक्तिवाद मान्य केला तरी सार्वजनिक जमिनीवरच्या वास्तूत सर्वसामान्य माणूस शेवटचा हिस्सेदार ठरतो, हे बदलत नाही.

गेल्या दशकात प्रश्नाला नवे वळण मिळाले. खेळांच्या शहरवार लीग आल्या आणि मुंबईच्या नावाचे संघ वाढले. २६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डीचा पहिला सामना वरळीला, नॅशनल स्पोर्ट्स क्लबच्या सरदार वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये झाला. मुंबईचा यू मुम्बा संघ घरच्या प्रेक्षकांसमोर खेळला, आणि २०१५ चे विजेतेपदही त्याने याच छताखाली मिळवले. पण ते स्टेडियम क्लबच्या ताब्यातले. तिथे संगीताचे जलसे, प्रदर्शने, समारंभ अशी सतत वर्दळ असते, आणि कबड्डी ही त्यातली एक भाडेकरू. २०२४ च्या हंगामात लीगचा मुक्काम हैदराबाद, नोएडा आणि पुणे इथे होता. २०२५ मध्ये विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली इथे. यू मुम्बाचा एकही सामना मुंबईत झाला नाही. खो-खोची व्यावसायिक लीग २०२२ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत सुरू झाली, पुढचा हंगाम कटकला झाला, आणि मुंबई खिलाडीज हा संघ दोन्ही वेळा परगावीच खेळला. क्रिकेटमध्ये २०१८ साली टी-२० मुंबई लीग सुरू झाली. तिच्यातल्या एका संघाचे नाव शिवाजी पार्क लायन्स होते. त्याचे सामने शिवाजी पार्कच्या परिसरात होणे शक्यच नव्हते. ते वानखेडेवर झाले. संघाला वस्तीचे नाव मिळाले, पण त्या वस्तीत त्याला घर मिळाले नाही.

याच्या उलट चित्र गिरणगावाने, म्हणजे मध्य मुंबईतल्या गिरणी कामगारांच्या वस्तीने, स्वतःच्या हिमतीवर उभे केलेले आहे. पाऊस सरला आणि दिवाळी आटोपली की लालबाग, परळ, प्रभादेवी, वरळी, नायगाव या भागांतल्या मंडळांच्या कबड्डी स्पर्धा सुरू होतात. मैदानात माती टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून क्रीडांगण तयार होते किंवा अलीकडे मॅट अंथरली जाते. बाजूला बांबू आणि फळ्यांची गॅलरी बांधतात, खांबांवर दिवे चढतात आणि चार-पाच रात्री स्थानिक गट, व्यावसायिक गट, कुमार गट असे सामने चालतात. स्पर्धा संपली की सगळे उतरवले जाते. दरवर्षी बांधले जाणारे आणि दरवर्षी मोडले जाणारे हे स्टेडियमच आहे. त्याचा खर्च मंडळ वर्गणीतून आणि जाहिरातींतून काढते, जागेची परवानगी महापालिकेकडून घेते, वीज आणि बंदोबस्ताची तजवीज करते. या व्यवस्थेने जे दिले ते थोडके नाही. गिरण्या, रेल्वे, बँका, विमानकंपन्या यांच्या संघांत मुलांना याच गल्लीतल्या खेळावर नोकऱ्या मिळाल्या. १९५३ च्या कायद्यातून उभ्या राहिलेल्या कामगार कल्याण मंडळाने कामगारांच्या स्पर्धा भरवल्या. सेनापती बापट मार्गावर हुतात्मा बाबू गेनूंच्या नावाचे गिरणी कामगार क्रीडा भवन उभे राहिले. दादरच्या अमर हिंद मंडळासारख्या संस्थांनी आणि १९२५ पासून चालत आलेल्या समर्थ व्यायाम मंदिराने खो-खो, कबड्डी, मल्लखांब यांचे शिक्षण जवळजवळ नाममात्र शुल्कात दिले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाख कामगारांच्या घरांवर आभाळ कोसळले, त्यानंतरही हा खेळ संपला नाही. खेळाची मुळे इतकी खोल आहेत, मग नवे स्टेडियम कशाला, असे यावर कोणी विचारील.

कारण ज्या जमिनीवर हे बांबूचे स्टेडियम उभे राहते ती जमीनच कमी होत चालली आहे. मुंबईतल्या सुमारे ५८ गिरण्यांच्या ताब्यात मिळून ६०० एकरांच्या आसपास जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने या जमिनीच्या ढोबळमानाने तीन वाटण्या ठरवल्या. एक मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी आणि एक मालकासाठी. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी संपूर्ण जमिनीऐवजी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेला लागू झाली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये नागरिकांच्या बाजूने निकाल दिला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. मैदानांसाठी मिळू शकणारी जमीन त्या दिवशी कागदावरूनही गेली. आता दुसरा टप्पा चालू आहे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या २०७ बीडीडी चाळींपैकी पहिल्या तिन्ही ठिकाणी पुनर्विकास सुरू आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात कुटुंबे जात आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. हे व्हायलाच हवे होते, त्याबद्दल दुमत असू नये. पण दोन चाळींमधल्या ज्या पट्ट्यात पोरे चढाई आणि पकड शिकली तो पट्टा नव्या आराखड्यात पार्किंगच्या मजल्यांवरचे उद्यान होतो, आणि तिथे माती टाकता येत नाही, गॅलरी बांधता येत नाही, बाहेरचा संघ आणि बाहेरचा प्रेक्षक येऊ शकत नाही. मुंबईत माणशी मोकळी जागा दीड चौरस मीटरही नाही. अशा शहरात घरांचा पुनर्विकास होतो तसा खेळाच्या जागेचाही झाला पाहिजे, एवढीच मागणी आहे.

स्टेडियमच्या बाजूने बोलणारे बहुतेक लोक इथे आर्थिक फायद्याचे गणित मांडतात. रोजगार वाढेल, हॉटेले चालतील, परिसराचे भाव वाढतील, कर मिळेल. हे गणित तपासायला अमेरिकेतल्या मायनर लीग बेसबॉलचा अनुभव उपयोगी आहे. वरच्या लीगच्या खालच्या पायऱ्यांवरचे हे संघ लहान आणि मध्यम शहरांत असतात आणि त्यांची सहा ते दहा हजार क्षमतेची मैदाने बहुतेक वेळा नगरपालिकेच्या पैशाने बांधलेली असतात. कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्ड शहराने शेजारच्या न्यू ब्रिटन गावातून संघ आणला आणि त्याच्यासाठी मैदान बांधायला घेतले. ५ कोटी ६० लाख डॉलरचा अंदाज ७ कोटी १० लाखांच्या वर गेला, २०१६ चा अख्खा हंगाम संघ परगावी खेळला आणि मैदान २०१७ मध्ये उघडले. एका गावाचा संघ काही मैलांवरच्या दुसऱ्या गावात गेला, यात त्या प्रदेशाची नवी कमाई किती, हा प्रश्न शिल्लक राहतोच. रॉजर नॉल आणि अँड्र्यू झिंबालिस्ट या अर्थतज्ज्ञांनी १९९७ मध्ये संपादित केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष स्पष्ट होता: सार्वजनिक पैशाने बांधलेल्या स्टेडियममधून गुंतवणुकीच्या मानाने पुरेसा आर्थिक परतावा मिळाल्याचे दिसत नाही. कारण साधे आहे. माणसाच्या करमणुकीच्या खर्चाला मर्यादा असते. जो पैसा तो सामन्याला देतो तो नाटकाला, सिनेमाला किंवा हॉटेलला दिलेल्या पैशातून कमी होतो. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमचे उदाहरण अनेकदा यशाचे म्हणून सांगितले जाते. तिथे तंबाखूचा मोठा कारखाना १९८७ मध्ये बंद पडला, १९९५ मध्ये त्याच्या शेजारी बेसबॉलचे नवे मैदान झाले आणि २००४ मध्ये कारखान्याच्या इमारतींत कचेऱ्या व उपाहारगृहे सुरू झाली. गिरण्यांच्या शहराला हे चित्र ओळखीचे वाटेल. पण मैदान उघडल्यावर नऊ वर्षे शेजारचा कारखाना बंदच होता. तो सुरू झाला तो वेगळ्या गुंतवणुकीने आणि वेगळ्या योजनेने. मैदानाने त्या भागात लोकांचे येणे-जाणे टिकवले, इतके श्रेय त्याला द्यावे; त्याहून अधिक देऊ नये.

म्हणून परळ-लालबागच्या स्टेडियमसाठी आर्थिक विकासाचा मुद्दा वापरूच नये. लोअर परळमध्ये कचेऱ्या, मॉल आणि उंच इमारतींची कमतरता नाही, आणि जमिनीचे भाव वाढायला तिथे कबड्डीची मदत लागत नाही. या भागाला आपल्याच संस्कृतीतले दुसरे उदाहरण अधिक लागू पडते, ते म्हणजे नाट्यगृह. प्रभादेवीचे रवींद्र नाट्यमंदिर सरकारी आहे. त्याने राज्याच्या उत्पन्नात किती भर घातली असे कोणी विचारत नाही. तिथे कोणते प्रयोग होतात, भाडे परवडते का, तारखा कोणाला मिळतात, हे विचारले जाते. परळच्या दामोदर नाट्यगृहाच्या पुनर्विकासाचा विषय निघाला तेव्हा रंगकर्मी आणि रसिक आवाज उठवून पुढे आले, कारण कामगार वस्तीतले शतकभराचा रंगमंच हरवू नये ही भावना लोकांना पटली होती. नाटकवाल्यांच्या व्यवहारात तारीख हा कळीचा शब्द आहे. नाट्यगृह कोणाच्याही मालकीचे असो, त्या संध्याकाळी ते ज्याच्या नावावर तारीख आहे त्याचे असते. मोठा निर्माता आणि हौशी संस्था एकाच रंगमंचावर वेगवेगळ्या तारखांना उभ्या राहतात. वानखेडेवर एका संध्याकाळच्या ३३ हजार खुर्च्या कोणात वाटायच्या याचे भांडण होते. छोट्या स्टेडियममध्ये वर्षाच्या ३०० संध्याकाळी कोणात वाटायच्या याची व्यवस्था करता येते. पहिली वाटणी विशेषाधिकार जपते, दुसरी खेळ वाढवते.

मग असे स्टेडियम केवढे असावे? पुरुषांच्या कबड्डीचे क्रीडांगण १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते, खो-खोचे २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. बास्केटबॉलला २८ बाय १५ मीटर लागतात. चाळीस मीटर लांब आणि पंचवीस मीटर रुंद असा मधला भाग ठेवला तर हे तिन्ही खेळ, शिवाय मल्लखांब, जिम्नॅस्टिक्स आणि कुस्ती, एकाच जागी आलटून पालटून होऊ शकतात. एवढ्या भागाला १ हजार चौरस मीटर, म्हणजे पाव एकर लागतो. भोवती अडीच-तीन हजार आसने, कपडे बदलायच्या खोल्या, स्वच्छतागृहे, प्रथमोपचाराची खोली आणि बाहेर पडायच्या रुंद वाटा धरल्या तरी दोन एकरांत काम भागते. शिवाजी पार्क सुमारे २७ एकरांचे आहे, त्यावरून तुलना करावी. जागांचा विचार मोकळ्या मैदानापासून नव्हे, आधीच बांधलेल्या सार्वजनिक जमिनीपासून सुरू झाला पाहिजे. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या क्रमांक दोन-तीनच्या जागेवर महापालिका वस्त्रोद्योग संग्रहालय करत आहे. कामगारांच्या जगण्याचे संग्रहालय करताना त्यांच्या खेळाला शेजारी जिवंत जागा देणे हे त्या कल्पनेला पूर्ण करणारे ठरेल. मात्र जुन्या विणकाम शेडमध्ये काही मीटरांवर खांब असतात, त्यामुळे खेळाच्या भागावर खांबांविना नवे छत घालावे लागेल, हे खर्चात आधीच धरायला हवे. गिरणी कामगार क्रीडा भवनासारख्या अस्तित्वात असलेल्या जागेचा विस्तार हा दुसरा, कदाचित अधिक लवकर होण्यासारखा पर्याय आहे.

पहिला आक्षेप मैदानप्रेमींचा आहे आणि तो आदराने ऐकण्यासारखा आहे. मुंबईचा खेळ मैदानात वाढला. आझाद मैदानावर एकाला एक लागून वीस-बावीस खेळपट्ट्या आहेत. फेब्रुवारी १९८८ मध्ये शारदाश्रमच्या दोन मुलांनी ६६४ धावांची भागी केली ती तिथेच, आणि ती बघायला कोणाला तिकीट लागले नाही. १९२५ मध्ये खुले झालेले शिवाजी पार्क कट्ट्यासकट सर्वांचे आहे. स्टेडियम आले की कुंपण येते, कुंपण आले की प्रवेशशुल्क येते, आणि मग मैदान जाते. ही भीती खरी आहे, म्हणून अट स्पष्ट असावी: कोणत्याही मैदानाची, उद्यानाची किंवा खेळासाठी राखीव मोकळ्या जागेची एक इंचही जमीन स्टेडियमला देता कामा नये. पण मैदान पुरेसे आहे, हा त्याच युक्तिवादाचा दुसरा भाग मान्य करता येत नाही. कांगा लीग १९४८ पासून पावसात खेळली जाते, कारण ओल्या खेळपट्टीवर खेळणे हीच त्या स्पर्धेची परीक्षा आहे. कबड्डी आणि खो-खोला तशी सोय नाही. जून ते सप्टेंबर मातीचे क्रीडांगण चिखल होते आणि चार महिने सरावाची साखळी तुटते. आता राष्ट्रीय आणि व्यावसायिक सामने मॅटवर होतात. मातीवर वाढलेला खेळाडू मॅटवर पहिल्यांदा निवड चाचणीतच उतरत असेल, तर तो स्पर्धेआधीच मागे पडलेला असतो. मुलींच्या बाबतीत छत, दिवे, कपडे बदलायची खोली आणि स्वच्छतागृह यांचा प्रश्न याहून गंभीर आहे. उघड्या गल्लीतल्या स्पर्धेत या गोष्टींची हमी नसते, आणि त्या नाहीत म्हणून किती मुलींचा खेळ वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी थांबत असेल याचा विचार केला की छप्पर ही चैन वाटत नाही.

दुसरा आक्षेप जमिनीच्या किमतीचा. परळमधल्या दोन एकरांवर जे घरबांधणीतून मिळेल ते सोडून खेळाला देणे परवडते का? याचे उत्तर असे की १९९१ च्या नियमाने या भागाला जी मोकळी जागा कबूल केली होती तिचा बराचसा भाग मिळालाच नाही. दोन एकर हा त्या थकबाकीचा अगदी छोटा हप्ता आहे. शिवाय शहराने मोठ्या जागांचे निर्णय घेतलेच आहेत. महालक्ष्मी रेसकोर्सच्या २११ एकरांपैकी १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी घ्यायचे २०२४ मध्ये ठरले. जागा मिळू शकते. ती कोणत्या खेळासाठी आणि कोणत्या वस्तीजवळ मिळते हा प्राधान्याचा प्रश्न आहे. परळची मुले रोज संध्याकाळी सरावाला चालत जाऊ शकतील अशा अंतरावर एक छत असणे, आणि दूर उपनगरात लाखभर प्रेक्षकांचे भव्य स्टेडियम असणे, या दोन वेगळ्या गरजा आहेत. दुसरीने पहिली भागत नाही.

तिसरा आक्षेप प्रेक्षकांचा. घरोघरी पडदे आहेत, सामना बघायला कोण येईल? प्रो कबड्डीचा पहिला हंगाम दूरचित्रवाणीवर ४३ कोटींहून अधिक लोकांपर्यंत पोहोचल्याचे तेव्हा नोंदवले गेले, म्हणजे खेळ पाहण्याची इच्छा आहे. पण दूरचित्रवाणीचा प्रेक्षक आणि वस्तीचा प्रेक्षक यांत फरक आहे. वस्तीचा प्रेक्षक खेळाडूला नावाने ओळखतो, त्याच्या गुडघ्याची दुखापत त्याला ठाऊक असते. म्हणूनच गल्लीतल्या स्पर्धेच्या फळ्यांवर आजही दाटी होते. अडीच हजार ही क्षमता मुद्दाम लहान ठेवायची ती यासाठीच. ३०० प्रेक्षक आले तरी स्टेडियम ओस वाटू नये आणि अंतिम सामन्याला जागा पुरावी. याच्याशी जोडलेला चौथा आक्षेप गर्दीचा आहे आणि तो हलक्याने घेण्याजोगा नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसांचे प्राण गेले. त्या परिसरात गर्दी वाढवणाऱ्या कोणत्याही योजनेने आधी त्या मृत्यूंना उत्तर दिले पाहिजे. इथेही उत्तर लहान आकारातच आहे. तीस हजारांचा लोंढा एकाच वेळी स्थानकावर आदळणे वेगळे आणि अडीच हजार लोक, त्यातले निम्मे चालत घरी जाणारे, परळ, करी रोड, चिंचपोकळी आणि भुयारी मेट्रोत विभागले जाणे वेगळे. तरीही सामन्याची वेळ कचेऱ्या सुटण्याच्या वेळेपासून दूर ठेवणे आणि बाहेर पडायच्या वाटा एकाहून अधिक रस्त्यांवर उघडणे या गोष्टी आराखड्यात बंधनकारक हव्यात.

पाचवा आक्षेप सर्वांत अनुभवसिद्ध आहे. सरकारी वास्तू बांधली जाते, उद्घाटन होते आणि मग देखभालीअभावी ती खराब होते किंवा एखाद्या क्लबच्या, नेत्याच्या, कंत्राटदाराच्या हातात जाते. शिवाजी पार्कच्या लाल मातीची धूळ रहिवाशांना वर्षानुवर्षे छळते आहे. एवढ्या नामांकित मैदानाची देखभाल नीट होत नसेल तर नव्या वास्तूची कशी होईल? याला विश्वास हे उत्तर नाही, नियम हे उत्तर आहे. मालकी महापालिकेची राहावी आणि ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने कोणत्याही खासगी संस्थेला देता येऊ नये. देखभालीचा खर्च बांधकामाच्या अंदाजपत्रकात पहिल्या वर्षापासून वेगळा दाखवावा. सभासदत्व नसावे. आणि तारखांचे वाटप जाहीर असावे: किती तारखा स्थानिक मंडळांच्या स्पर्धांना, किती शाळांना, किती मुलींच्या संघांच्या सरावाला, किती कामगार स्पर्धांना, किती व्यावसायिक लीगला. व्यावसायिक लीगने पूर्ण भाडे भरावे, मंडळाने सवलतीचे भरावे, शाळेने नाममात्र भरावे. लग्नसमारंभ आणि राजकीय सभांना तारीख मिळू नये, कारण एकदा ते दार उघडले की जास्त भाडे देणारा नेहमीच जिंकतो. वरळीच्या स्टेडियमचा अनुभव हेच सांगतो.

शेवटचा आक्षेप मंडळांच्या कार्यकर्त्यांकडून येऊ शकतो आणि तो मनाला भिडणारा आहे. स्पर्धा गल्लीत होते म्हणून ती गल्लीची असते. खिडकीतून आजी बघते, वडापावची गाडी चालते, पोरे गॅलरी बांधायला राबतात. हे सगळे सिमेंटच्या भिंतीआड नेले तर मंडळ आयोजक न राहता भाडेकरू होईल. ही किंमत खरी आहे आणि ती मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये. म्हणूनच नव्या स्टेडियमने गल्लीतल्या स्पर्धांची जागा घेऊ नये. जिथे मैदान शिल्लक आहे तिथे मंडळाने तिथेच खेळवावे आणि महापालिकेने परवानगी सोपी करावी. ज्यांचे मैदान पुनर्विकासात गेले, ज्यांना पावसाळ्यात सराव करायचा आहे, ज्यांना मॅट परवडत नाही, त्यांच्यासाठी हे छत आहे. आणि नाटकवाल्यांनी दाखवून दिले आहे की भाड्याच्या रंगमंचावरही प्रयोग संस्थेचाच राहतो. त्या रात्री फलकावर नाव मंडळाचे असेल, पंच आणि सूचना मंडळाच्या असतील, खाद्यपदार्थांच्या गाड्यांना बाहेर जागा असेल, तर भिंती आड येणार नाहीत.

या सगळ्यातून एक व्यवहार्य कसोटी निघते आणि ती भूमिपूजनाच्या आधी लावता येते. महापालिकेने किंवा राज्य सरकारने असे स्टेडियम प्रस्तावित केले तर पहिल्यांदा आराखड्याचे रंगीत चित्र मागू नये, पहिल्या वर्षाचे तारखांचे वेळापत्रक मागावे. मुंबई शहरातल्या कबड्डी आणि खो-खोच्या संघटना, मंडळे, शाळा आणि कामगार कल्याण मंडळ यांनी बसून ते तयार करावे आणि लोकांपुढे ठेवावे. त्यात किमान अडीचशे-तीनशे संध्याकाळी भरल्या, त्यातल्या निम्म्याहून अधिक दोन-तीन किलोमीटरच्या परिसरातल्या खेळाडूंच्या असल्या आणि मुलींच्या सरावाला ठरलेले वार मिळाले, तर स्टेडियम बांधावे. वेळापत्रक भरत नसेल तर बांधू नये, आणि तो पैसा आहेत त्या मैदानांवर दिवे, पाणी, मॅट आणि स्वच्छतागृहे यांवर खर्च करावा. ब्रेबर्न आणि वानखेडे बांधताना हा हिशेब कोणी केला नाही, कारण तिथे प्रश्न मोठ्या सामन्याच्या एका दिवसाचा होता. परळ-लालबागचा प्रश्न मंगळवारच्या संध्याकाळचा आहे. शाळा सुटल्यावर पंधरा वर्षांची मुलगी पिशवीत बूट घालून निघते तेव्हा तिला चालत जाता येईल असे, पावसात न गळणारे आणि तिच्या संघाच्या नावाने त्या दिवशी राखून ठेवलेले क्रीडांगण असावे. एवढे साधले तर दोन एकर सार्थकी लागले असे म्हणता येईल.